रोज चार मिनिटं आधी

गच्चीच्या दाराला लावायचं नवंकोरं कुलूप मुलाने खिशातून काढलं, तेव्हा बाबा मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते. त्यांनी कुलूप पाहिलं आणि झारी खाली ठेवली.

"वाईट वाटून घेऊ नका, बाबा. पण रोज दुपारी चारच्या सुमाराला माझ्या अँटेनाला कोणाचा तरी हात लागतो. आणि त्या वेळी इथे तुमच्याशिवाय कोणी नसतं."

"असेल," बाबा म्हणाले. "माझाच लागला असेल. हल्ली केलेलं काही लक्षात राहत नाही. लाव कुलूप."

चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर केसाएवढा फरक बोटाने ओळखणारे बाबा आता न केलेल्या चुकाही मुकाट कबूल करत. उघडा राहिलेला नळ, हरवलेली किल्ली, सगळं त्यांच्याच नावावर जाई. ही गच्ची तेवढी त्यांची उरली होती.

मुलाचा छंद मुलखावेगळा. लोक उपग्रहाला रस्ता विचारतात, हा वेळ विचारायचा. सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातल्या एकेका तुकड्याचा हिशेब त्याला हवा असे. ऑफिसला मात्र तो रोज वीस मिनिटं उशिरा पोचे. कठड्यावर तीन अँटेना होत्या: सध्या चालू असलेली काडेपेटीएवढी चौकोनी, एक शंकूसारखी, आणि एक रुंद ताटलीवर बसवलेली घुमटी. कायमची कोणती लावायची यावर तीन आठवडे खल चालला होता. चौकोनी त्याच्या मनात भरली होती. फक्त रोज एकदा तिची वेळ तीसेक तुकड्यांनी उडी मारे आणि पुन्हा जागेवर येई.

सूनबाई चहा घेऊन वर आली. तिने कुलूप पाहिलं, सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि ट्रे कठड्यावर टेकवला. ती नर्स होती.

"सोमवारी उडी किती वाजता होती?"

"चारच्या सुमाराला."

"सुमार नको, मिनिट सांग. आमच्या वॉर्डात ताप चढला की आधी वेळ लिहितात. कोणामुळे चढला ते मग."

तुकड्यांच्या मागे लागलेल्या माणसाने मिनिटं पाहिलीच नव्हती. त्याने मोबाइलवर आलेख उघडला. "सोमवार, चार दहा. मंगळवार, चार सहा. बुधवार, चार दोन. गुरुवार, तीन अठ्ठावन्न." त्याचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "काल, तीन चोपन्न."

"बाबा, तुमची वही द्या बघू."

विसरायला होतं म्हणून बाबा सगळं वहीत लिहून ठेवत, पण आता त्यांचा स्वतःच्या अक्षरावरही भरवसा नव्हता. सुनेने पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं, "गुरुवार. गुडघा ठणकतो. दिवसभर वर गेलो नाही."

आणि गुरुवारीही तीन अठ्ठावन्नला उडी होतीच. मग मुलाने कपाळावर हात मारला.

"उपग्रह! तो रोज त्याच जागी येतो, पण चार मिनिटं आधी."

"मग तिथे आल्यावर त्याचं काय बिनसतं?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजाला कितीतरी दिवसांनी धार आली होती.

"त्याचं नाही बिनसत. त्याचा सिग्नल कशावर तरी आपटून पुन्हा येत असणार, जरा उशिरा. ही चौकोनी थेट आलेला आणि आपटून आलेला, दोन्ही ऐकते आणि गोंधळते."

बाबांनी गच्चीवरून चौफेर नजर फिरवली आणि समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. तिथे नवाकोरा पत्रा चकाकत होता.

"आज किती वाजता येईल?"

"तीन पन्नासला."

पाच मिनिटं होती. तिघंही अँटेनापासून लांब, पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले. बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. चहावर साय धरली. तीन पन्नासला मोबाइलवरची सरळ रेघ टुणकन वर उडाली.

"आली!" बाबा ओरडले, आणि लहान मुलासारखे हसले.

मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं, बाबा," तो म्हणाला.

बाबांचं लक्षच नव्हतं. ते घुमटीवाल्या अँटेनाच्या ताटलीखालून बोट फिरवत होते. "ही ताटली कशाला?"

"खालून, बाजूने आपटून आलेलं अडवायला."

"मग हीच लाव ना. कड जरा वाकली आहे, मी सरळ करून देतो." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "रोज चार मिनिटं आधी येतो म्हणजे फिरून कधीतरी तो पुन्हा चार दहाला येणारच की?"

"येईल. वर्षभराने."

बाबांनी सुनेच्या हातातून वही घेतली, शेवटचं पान उघडलं, तिला सोमवारची तारीख विचारली आणि ठळक अक्षरात तीच तारीख पुढचं वर्ष घालून लिहिली. खाली एकेक शब्द पुटपुटत त्यांनी नोंद केली:

"चार दहाला उपग्रह पत्र्यासमोर येणार. बघायला वर जाणे. हात मी लावलेला नाही."