स्वतःचा नमुना

केंटकी राज्यातील एका परिवीक्षा कार्यालयात, सोमवारी सकाळी आठ वाजता, तुरुंगाऐवजी देखरेखीवर सुटलेल्या डेल्बर्टने प्रथमच स्वतःचे मूत्र तपासणीस दिले. आजवर तो निर्व्यसनी मेव्हण्याचे लपवून आणीत असे. आता मात्र नशेच्या गोळ्या खरोखरच सुटल्या होत्या.

देखरेख अधिकारी टॅकेटबाईंनी तपासणीची पट्टी बुडवून पाहिली.

"डेल्बर्ट, कोणाचं आणलंस रे हे?"

"माझंच, मॅडम! देवाशपथ!"

"मला शिकवतोस? वर्षभर तुझ्या लघवीतली साखर बघतेय मी. डोनट सोड, डोनट सोड म्हणून घसा कोरडा केला. आणि आज कणभरही नाही?"

डेल्बर्टने मनात हिशेब केला. खरे सांगावे तर तुरुंग, न सांगावे तरी तुरुंग.

बाईंनी शिक्का उचलला.

"हे तुझं नाही."