ऐकायचा फळा

डोळे तपासायला आलेल्या ताई अक्षरांचा तक्ता टांगायला खिळा शोधत होत्या, तेवढ्यात समोरची मुलगी धडाधडा सगळं म्हणून मोकळी झाली. वरच्या ठळक अक्षरापासून खालच्या बारीक ओळीपर्यंत, एकही चूक नाही. आणि तक्ता? तो अजून ताईंच्या काखेत, गुंडाळलेलाच!

"अगं थांब! कुठे बघून वाचलंस?"

वर्गातल्या बाईंचा चेहरा मात्र खुलला. "मागच्या आठवड्यात तुम्ही तक्ता इथेच विसरलात ना? रोज घोकून घेतला मी. माझ्या वर्गातलं एकही मूल नापास होणार नाही!"

सरकारी दवाखान्यातून एवढ्या लांब आलेल्या ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, मला डोळे तपासायचेत, पाठांतर नाही!"

पोरं खिदळली. "गप्प बसा रे!" बाई गरजल्या. आवाज असा, की शेजारचा वर्गही चिडीचूप. पण पोरांना बाईंची चांगलीच ओळख होती. घाबरलं कुणीच नाही. दचकली फक्त ती मुलगी.

"ही माझी सगळ्यात हुशार," बाई म्हणाल्या. "फळ्यावरचं उतरवून घ्यायचा तेवढा आळस."

ताईंनी कान टवकारले. खडू घेऊन फळ्यावर चार नवी अक्षरं काढली. "हे वाच बघू."

मुलगी घुटमळली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही लिहिताना बोललाच नाहीत."

"म्हणजे?"

"बाई बोलत बोलत लिहितात. फळा ऐकायचा असतो ना?"

आता कुणी हसलं नाही. बाई मटकन खुर्चीत बसल्या. दोन वर्षं पोरीला उगाच आळशी म्हटलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

ताईंनी मुलीच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवली आणि एकेक भिंग बदलत गेल्या. तिसऱ्या भिंगाला मुलीने फळ्यावरची चारही अक्षरं खणखणीत वाचली. वर्गाने टाळ्या पिटल्या. चष्मा दवाखान्यातून येईल, फुकट, असंही ताईंनी सांगून टाकलं.

बाईंनी पदराने डोळे पुसले आणि नेहमीसारख्या कडाडल्या, "तोवर पहिल्या बाकावर बसायचं! समजलं का गं?"

मुलगी सवयीने दचकली. चौकट सावरत तिने वर पाहिलं. मग पाहतच राहिली.

"अय्या, बाई! ओरडताना तुम्ही हसता?"