मेचोची आंघोळ

"पाय धर त्याचा. मागचा. हळू, दुखरा आहे तो."

बिलियानाने पाय धरला नाही. ती फाटकातच थिजली. अंगणात तांब्याची कढई वाफाळत होती आणि तिचा बाप, म्हातारा रादॉय, आपल्या कुत्र्याला, मेचोला, साबण लावत होता. दाराशी बंदूक टेकवून ठेवलेली, पुसून लख्ख केलेली.

आमच्या रोडोपीच्या डोंगरात मेंढ्यांच्या कुत्र्याला कोणी आंघोळ घालत नाही. साबणाच्या वासाने मेंढ्या बुजतात, कुत्रा कामातून जातो. त्याला आंघोळ एकदाच, शेवटच्या दिवशी. मग धनी बंदूक उचलतो आणि दोघं रानाकडे चालू लागतात. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. बिलियाना तर याच अंगणात वाढलेली. 'रविवारी गाडी घेऊन ये,' असा बापाचा फोन आला तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

"बाबा, काही लाज आहे का? तेरा वर्षं राबला तो! दोन लांडगे अंगावर घेतले तुमच्यासाठी!"

"तीन," रादॉय म्हणाला. "आणि ओरडू नकोस. त्याला वाटतं, आपलंच काही चुकलं."

त्याने लोकर कापायच्या कात्रीने मेचोच्या कानांमागच्या जटा कापल्या. वाढून वळलेली नखं कणाकणाने काढली, रक्ताचा थेंब येऊ दिला नाही. मग कोमट राकिया, घरची फळांची दारू, तळहातावर घेऊन कुत्र्याची आखडलेली कंबर चोळू लागला. मेचो सुखाने कण्हला आणि त्याने म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. बिलियानाला ते बघवेना. किती विश्वास तो, मेल्याचा!

तिने झटक्यात बंदूक उचलली आणि छातीशी धरली. "आता घेऊन दाखवा!"

रादॉय हसला. हसता हसता खोकला, आणि खोकला काही थांबेना. तेव्हा कुठे तिला दिसलं, बाप किती वाळलाय ते. बाहीत नुसती हाडं होती.

"रिकामी आहे ती, येडे. जाताना पोलीस चौकीत जमा कर. मला आता ती काय करायचीय?"

"म्हणजे?"

"ईस्टरला काय म्हणाली होतीस? ही घाण माझ्या फ्लॅटमध्ये नको. घे, हुंग आता. बाळासारखा वास येतोय." त्याने ओलं फडकं पिळलं. "डॉक्टर म्हणतो, मी आहे तो बर्फ पडेपर्यंत. मग याला कोण बघणार?"

बिलियाना तिथेच खाली बसली. बंदूक तिच्या मांडीवर तशीच राहिली. मेचो उठला, लंगडत आला आणि तिचा हात चाटू लागला.

"दर रविवारी विंचर त्याला," रादॉय म्हणाला. "कमरेला राकिया चोळ, जावयाला पाजू नकोस. आणि माझ्या आंघोळीचं पाणी तापवायला मात्र तुलाच यावं लागेल."