कनवटीची रबरी पट्टी

या मंडळी, जवळ सरकून बसा, लोणी भापकरच्या म्हस्कूआबांची चौतीस सालची गोष्ट सांगतो. बारा वर्षं सप्ताहात रात्रभर वीणा धरून उभे राहिले, म्हणून काल्याच्या दिवशी कीर्तनकारबुवांनी त्यांना हार घातला. आबांनी मान खाली घातली, कनवटीची रबराची पट्टी काढून बुवांच्या पायाशी ठेवली. “बुवा, हार काढा. मी भक्तीनं न्हाय जागलो. झोपेत करकरा दात खातो, मंडपात चारचौघांत झोपायची लाज वाटायची. औंदा पुण्याच्या डाक्तरानं दातांत धरायला ही पट्टी दिली, आता खोटं जागणं नगं.” म्हातारा टाळकरी सोनबा म्हणाला, “आबा, दुपारी भजनात तुमी डुलकी घ्यायचा, तवा आमी टाळ जोरात कशापायी कुटायचो? परगावच्यांना करकर ऐकू जाऊ नये म्हून!” आबांनी हारातच तोंड लपवलं. टाळ जोरात वाजला की सोनबाची आठवण काढा.