उंच नाकाची गाडी

चार दारांची गाडी मसल कार होऊच शकत नाही, हे ऋषीचं म्हणणं या रविवारीही कायम होतं. नागसेन मान हलवत गाडीभोवती फिरत होता. कुसुमताई शेडच्या दारात खुर्ची टाकून संत्री सोलत होत्या आणि आळीपाळीने दोघांकडे पाहत होत्या.

कुसुमताईंचं धरमपेठेतलं घर बिल्डरकडे गेलं होतं. उद्या शेड पडणार होती. आतली हिरवी अमेरिकन गाडी त्यांच्या यजमानांची, ओमप्रकाश यांची. जाण्याआधी ते एवढंच म्हणाले होते, "भंगारात घालू नको. जाणकाराले दे." कुसुमताईंना गाडी फुकटच देऊन टाकायची होती. पण यजमानांचा शब्द चुकीच्या हातात जाऊ नये, याची त्यांना धास्ती होती. आज ठरलं नाही तर उद्या सकाळी भंगारवाला येणार होता.

जाणकार तर दोन होते. दोघंही जुन्या गाड्यांच्या क्लबातले आणि दोघांचं कशावरच जमत नव्हतं.

ऋषी दातांचा डॉक्टर. त्याचं मत दाढेसारखं पक्कं बसलेलं. मसल कार म्हणजे अमेरिकेची, दोन दारांची, मागच्या चाकांच्या जोरावर पळणारी आणि सरळ रस्त्यावर सुसाट जाणारी. नागसेन कॉलेजात इतिहास शिकवायचा. तो म्हणाला, हे नियम मागाहून आलेल्या लोकांनी केले. साध्या घरगुती गाडीत तिच्या अंगाला न पेलणारं इंजिन बसवलं की झाली मसल कार. दारं कोण मोजतो?

"मसल कार नाही, तर तुले काहून पाहिजे गा?" कुसुमताईंनी ऋषीला विचारलं.

"हा तिच्यावर शर्यतीच्या गाडीसारखे पांढरे पट्टे ओढन, काकू, आणि क्लबाच्या प्रदर्शनात मसल कारच्या रांगेत खोटीच उभी करन. तेवढं मले पाहायचं नाही."

नागसेन हसला. पट्ट्यांचं त्याच्या मनात होतंच.

कुसुमताईंनी दोघांच्या हातावर फोडी ठेवल्या. संत्री काटोलची, घरच्या बागेतली. बाग त्यांचे दीर लहानू सांभाळत. यंदा आजूबाजूच्या बागा सुकल्या, पण यांची तगली. वीज गेली तरी आपलं पाणी थांबत नाही, तेवढी सोय हे करून गेले, असं त्या म्हणाल्या. ऋषीने संत्री गोड असल्याचं सांगितलं आणि लगेच पुन्हा दारांवर आला.

बॉनेट मात्र कोणीच उघडलं नव्हतं. दर दसऱ्याला ओमप्रकाश बॉनेटच्या फटीवर, अर्धं वर आणि अर्धं खाली येईल असं, हळदकुंकवाचं स्वस्तिक काढत. शेवटचंही त्यांच्याच बोटाचं होतं. बॉनेट उघडलं की ते मधोमध तुटणार. गाडी आपली झाल्याशिवाय त्या खुणेला हात लावायचा नाही, असं दोघांनी ठरवलं होतं. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं.

शिवाय इंजिनाची शंका नव्हतीच. ओमप्रकाश असताना ऋषीने एकदा विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "आठ सिलिंडरचं आहे बाबू. मी बंद पडन, ते नाही पडणार."

"म्हणजे सगळं इंजिनावरच असते?" कुसुमताईंनी विचारलं.

"सगळं," नागसेन म्हणाला.

"दारांनंतर," ऋषी म्हणाला.

"आणि तुम्हाले हीच गाडी पाहिजे?"

हीच, असं दोघंही एकदम म्हणाले. कुसुमताई गोंधळून गाडीकडे पाहत राहिल्या. यांच्या बोलण्याचा मेळ त्यांना लागत नव्हता. शिकलेली माणसं आहेत, त्यांना काहीतरी कळत असेल, असं म्हणून त्यांनी पुढचं संत्रं उचललं.

तेवढ्यात नागसेन खाली बसला. एक डोळा मिटून त्याने गाडी नाकापासून शेपटीपर्यंत न्याहाळली.

"ऋषी, इकडं ये. हे पाह्य. नाक वर आहे, मागची बाजू खाली."

ऋषी वाकला. खरंच, गाडीचं तोंड चांगलं वीतभर वर उचललेलं होतं.

नागसेनचा आवाज चढला. अमेरिकेत शर्यतीवाले मुद्दाम नाक वर करून घेत, असं तो सांगू लागला. सुटताना सगळा भार मागच्या चाकांवर यावा, चाकं जागेवर फिरू नयेत, म्हणून. घरगुती गाडीला हे कोण करतो?

"पहिले अशी नव्हती," कुसुमताई म्हणाल्या. "मंग वर आली."

"ऐकलं? काकांनी करून घेतली. त्याईले माहीत होतं तिच्यात काय आहे."

ऋषीने गाडीभोवती एक फेरी मारली. पुन्हा वाकून पाहिलं, चाकाच्या वर हात घालून पाहिला. मग तो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला की दारं चारच आहेत, पण या नाकापुढे आपलं काही चालत नाही.

कुसुमताईंच्या जिवावरचं ओझं उतरलं. दोन जाणकारांचं एकदाचं जुळलं होतं. त्यांनी पदराच्या गाठीतली किल्ली नागसेनच्या हातावर ठेवली. भंगारवाल्याला उद्या येऊ नको म्हणून कळवायला त्यांनी ऋषीला सांगितलं.

नागसेनने स्वस्तिकाला हात जोडले, आत वाकून कळ ओढली आणि दोन्ही हातांनी बॉनेट वर केलं. हळदीची रेघ मधोमध तुटली. आत शेडची फरशी दिसत होती. फरशीवर एक मांजर चार पिल्लांना पाजत पडलं होतं.

दोघंही वाकलेलेच राहिले. शेवटी नागसेनने मान वळवली. "काकू, इंजिन?"

"ते तर यांनी कवाचंच काटोलले विहिरीवर पंपाले बसवलं," कुसुमताई म्हणाल्या. "तुम्ही जाणकार नं? मले वाटलं, तुम्हाले दिसूनच राहिलं असन."