स्टिरिओचा कौल

देवाने कौल दिला. पण दिलाच नाही, असं मी आणि विराजदादाने ठरवलंय.

दादाला गाडीत स्टिरिओ बसवायचा होता. एकाची स्क्रीन मोठी, दुसऱ्याचा बेस दणदणीत. देवळामागे गाडी लावून आठवडाभर रोज दुपारी दोन्ही वाजवले, तरी ठरेना. शेवटी कौल घ्यायला गुरवकाकांनी देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो.

स्क्रीनवाला घेऊ? पाकळी हलेना. बेसवाला? तरी हलेना.

काका वैतागले. "देवा म्हाराजा, रोज दुपारच्या ह्या धुमशानान तुझी झोप मोडता काय?"

उजवी पाकळी टपकन पडली.



देवस्थान कमिटीला आमचा अर्ज: "सबब, स्टिरिओचा निर्णय होईपर्यंत श्री देवांनी दुपारपुरते खालच्या वाडीतील देवळात स्थलांतर करावे, ही नम्र विनंती."