चोचीचं टोक

"टोपलं उघड," फौजदार आनंदराव म्हणाले.

गेनबाने झाकण काढलं. आत पाय बांधलेली दोन रानबदकं होती. आनंदरावांना स्वतःच्या सावलीचाही संशय यायचा. पहाटेच त्यांनी उत्रोलीतलं गेनबाचं घर उलथंपालथं केलं होतं. सरकारी तारा तोडून फरारी झालेला त्याचा मुलगा भिमा तिथे सापडला नाही. सापडता तर तुरुंगात सडला असता. आता निदान बाप तरी कशात अडकतो का, हे बघायला ते घोड्यावरून थेट तळ्यावर आले होते.

"हळदी-कुंकू धरलीस ना?"

"न्हाई साहेब. थंडीतली करडी हायेत. चोच बघा."

लांबून दोन्ही जाती सारख्याच दिसत. पण हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके. ती इथेच अंडी घालत, म्हणून भोर संस्थानात त्यांना धरायला, मारायला बंदी होती, फौजदारांनासुद्धा. थंडीत येणाऱ्या करड्या बदकांसाठी मात्र गेनबाकडे परवाना होता.

आनंदरावांनी चोची निरखल्या. नुसत्या काळ्या. त्यांचा चेहरा पडला.

"आणि ती मडकी कसली?"

समोर तळ्यात पोहणाऱ्या बदकांच्या थव्यात काही मडकी पालथी तरंगत होती.

"पाखरं बुजू नयेत म्हणून. मडक्याची सवय लागली का धरायला सोपं जातं."

"तो थवाही करड्यांचाच?" फौजदारांनी बंदूक उचलली. "मग दोन मी घेतो."

गेनबा पुढे झाला.

"नगा मारू साहेब. ती हळदी-कुंकू हायेत."

फौजदारांनी डोळे बारीक केले. पाण्यावर ऊन चमकत होतं, चोची दिसत नव्हत्या.

"सगळी?"

"सगळी."

"मग मडकी कुणासाठी सोडलीस?"

"त्यांच्यासाठीच. बाजारात म्या तीच इकतो. टोपल्यातली नुसती दाखवायला."

आनंदराव खूश झाले. "परवाना आण इकडे."

गेनबाचं पोट त्या कागदावर होतं. तरी मुंडाशातून काढून देताना त्याचा हात आखडला नाही. फौजदारांना ते जरा खटकलं, पण चोर सापडल्याच्या आनंदात त्यांनी मनावर घेतलं नाही.

"उद्या चावडीवर ये."

"व्हय साहेब."

घोडं टेकाडाआड गेलं. गेनबा काठाशी गेला आणि मोठ्याने खाकरला.

काळ्या चोचींची करडी बदकं बाजूला सरली, आणि त्यांच्यामधलं एक मडकं डोक्यावरून उचलून थंडीने निळा पडलेला भिमा उभा राहिला.